गजर मंडलातील धारित्र

धोक्याचा इशारा देणाऱ्या इलेक्ट्रॉनीय उपकरणातील ज्या विद्युत् मंडलामुळे ध्वनीची उच्चता, तिचा चढउतार, ठोक्यांमधील विराम आणि आवाजाचा प्रारंभ व शेवट या गोष्टी ठरतात, त्यास गजर मंडल म्हणतात. चोरसूचक घंटा, घरातील धूमसूचक, रुग्णवाहिकेचा व अग्निशामक बंबाचा भोंगा, रुग्णाच्या उशाशी ठेवलेली निरीक्षण उपकरणे, विमानाचा चालककक्ष अशा अनेक ठिकाणी असे मंडल असते. ध्वनिक्षेपकाचे काम मिळालेल्या विद्युत् संदेशानुसार हवा हालविणे एवढेच असते. ध्वनीला आकार देण्याचे काम मुख्यत्वे धारित्र (विद्युत् भार साठवून ठेवणारा घटक, बाजारात यालाच कंडेन्सर किंवा कपॅसिटर म्हणतात) आणि त्याला जोडलेला रोधक या जोडीकडे असते. धारित्र भरण्यास व रिकामे होण्यास लागणारा वेळ हे गजराचे कालमान होय. हे भरणे व रिकामे होणे एकसारख्या गतीने होत नाही. ते ज्या वक्रानुसार होते, तो वक्रच पुष्कळदा कानाला ऐकू येतो.

भारण व विसर्जन : विद्युत् निरोधक पदार्थाच्या पातळ थराने विलग केलेल्या दोन धातुपट्टिका म्हणजे धारित्र. रोधकाच्या द्वारे ते विद्युत् घटमालेस जोडले, की पट्टिकांवर भार जमू लागतो व त्यांच्यामधील विद्युत् दाब वाढतो. प्रारंभी धारित्र रिकामे असल्याने घटमालेचा सर्व दाब रोधकावर पडतो आणि प्रवाह सर्वांत जास्त असतो. धारित्राचा दाब जसजसा चढतो, तसतसा रोधकाच्या वाट्यास येणारा दाब घटतो, प्रवाह मंदावतो आणि भरण्याची गतीही उतरते. भरलेल्या मोठ्या हौदाला तळाशी बारीक नळीने दुसरा लहान हौद जोडला असता जे घडते, तसेच हे आहे. आरंभी पाणी जोराने येते व दोन्ही पातळ्या जवळ आल्यावर ते जेमतेम झिरपते. विसर्जनाच्या वेळी हाच क्रम उलट्या दिशेने होतो. तेव्हाही सुरुवात वेगाने व शेवट रेंगाळत होतो.

रोध (ओहममध्ये) आणि धारकता (फॅरडमध्ये) यांचा गुणाकार सेकंदात येतो. त्यास मंडलाचा कालांक म्हणतात. एका कालांकाएवढ्या वेळात रिकामे धारित्र अंतिम दाबाच्या सु. ६३ टक्के, दोन कालांकांत सु. ८६ टक्के, तीन कालांकांत सु. ९५ टक्के भरते. पाच कालांकांनंतर ते व्यवहारतः पूर्ण भरले असे मानतात. उरलेले अंतर निम्मे होण्यास नेहमी कालांकाच्या ०·६९३ पट वेळ लागतो, मग ते अंतर कितीही असो. १०० किलोओहम रोध व १० मायक्रोफॅरड धारकता यांचा कालांक एक सेकंद होतो. १० किलोओहम व ०·०१ मायक्रोफॅरड यांचा सेकंदाचा दहा हजारावा भाग, तर १ मेगओहम व १०० मायक्रोफॅरड यांचा १०० सेकंद होतो. म्हणजे सेकंदाला हजार कंपने असलेला स्वर, दोन स्वरांमधील अर्ध्या सेकंदाचा विराम आणि घरधन्याला दाराबाहेर पडण्यासाठी दिलेली अर्ध्या मिनिटाची सवलत ही तिन्ही एकाच नियमाने व त्याच दोन घटकांनी मिळविता येतात. केवळ त्यांची मूल्ये बदलतात. विद्युत् मंडलात इतकी मोठी मजल इतक्या थोड्या खर्चात मारणारी दुसरी जोडी क्वचितच आढळेल.

शिथिलन आंदोलक : धारित्राचा शोध १७४५–४६ मध्ये लायडन बरणीच्या रूपाने लागला; परंतु बरणीचे विसर्जन एकदाच, एका ठिणगीत होत असे. अखंड ध्वनी हवा असेल, तर भरणे व रिकामे होणे ही क्रिया आपोआप पुनःपुन्हा घडली पाहिजे. त्यासाठी एका विशिष्ट दाबास उघडणारी व दुसऱ्या, कमी दाबास मिटणारी झडप लागते. फ्रान्समधील आंरी आब्राआम व अझेन ब्लॉक यांनी १९१९ मध्ये दोन इलेक्ट्रॉन नलिका व दोन धारित्रे वापरून असे मंडल वर्णिले. एका नलिकेचे धारित्र भरत असता दुसरी नलिका बंद राहते व नंतर त्यांच्या भूमिका बदलतात. या मंडलातून निघणाऱ्या तरंगात मूळ कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या) अनेक पटींतील कंपने विपुल असतात, म्हणून त्यास बहुकंपक हे नाव मिळाले. गजराच्या दृष्टीने हे नाव अर्थपूर्ण आहे, कारण याच गुणामुळे त्याचा आवाज कर्कश व लक्षवेधी होतो.

याहूनही साधी रचना इंग्लंडमधील पीअर्सन व ॲन्सन यांनी १९२१ मध्ये दाखविली. तीत धारित्राला समांतर असा निऑन दिवा जोडलेला असतो. धारित्राचा दाब दिव्याच्या प्रज्वलन दाबास पोहोचेपर्यंत दिवा निद्रिस्त असतो. तो पेटला की धारित्र त्यातून झपाट्याने रिकामे होते, दाब विझण्याच्या मर्यादेखाली येतो, दिवा विझतो आणि भारण पुन्हा सुरू होते. ही क्रिया सावकाश असेल तर दिवा लुकलुकतो. जलद असेल तर ध्वनिक्षेपकातून स्वर ऐकू येतो. डच शास्त्रज्ञ बाल्थाझार व्हान डर पोल यांनी १९२६ मध्ये अशा कंपनांस शिथिलन आंदोलने ही संज्ञा दिली. पुढे १९२८ मध्ये त्यांनी व्हान डर मार्क यांच्यासमवेत निऑन दिव्यांच्या अशाच मंडलांनी हृदयाच्या ठोक्यांची प्रतिकृती तयार केली. हळूहळू साठवण व मर्यादा येताच एकदम सुटका हा प्रकार निसर्गात पुष्कळ ठिकाणी आढळतो.

ट्रँझिस्टरांच्या आगमनानंतर हीच तत्त्वे कमी दाबाच्या घटांवर चालू लागली. हान्स कामेनत्सिंट यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स या अमेरिकन कंपनीसाठी ५५५ हे संकलित मंडल आखले व १९७२ मध्ये ते बाजारात आले. त्यातील दोन तुलनाकारक धारित्राच्या दाबावर पहारा ठेवतात. दाब पुरवठ्याच्या दोनतृतीयांश झाला की विसर्जन सुरू होते व एकतृतीयांशावर उतरला की पुन्हा भारण सुरू होते. मर्यादा पुरवठ्याच्या अपूर्णांकात ठरविल्यामुळे एक मोठा लाभ होतो. घटमाला झिजून तिचा दाब उतरला, तरी भारणाचा वेग व मर्यादा ही एकाच प्रमाणात उतरतात आणि स्वर जवळजवळ कायम राहतो. साध्या ट्रँझिस्टर भोंग्यात तसे होत नाही. घट कमजोर झाले की त्याचा स्वर भलतीकडेच सरकतो. पुढील अर्धशतकात छंद म्हणून इलेक्ट्रॉनिकी शिकणाऱ्यांनी जे पहिले आवाज काढले, त्यांतील फार मोठा भाग या आठ पायांच्या घटकातून निघाला.

स्वराची उच्चता व रंग : ५५५ मंडलात भारण दोन रोधकांतून व विसर्जन त्यांपैकी एकातूनच होते. १० किलोओहम व ६८ किलोओहम असे रोधक आणि ०·०१ मायक्रोफॅरडचे धारित्र घेतल्यास भारणास ०·६९३ गुणिले ७८ किलोओहम गुणिले धारकता, म्हणजे सु. ०·५४ मिलिसेकंद लागतात, विसर्जनास सु. ०·४७ मिलिसेकंद लागतात. एक आवर्तन सु. १·०१ मिलिसेकंदांत पुरे होते, म्हणून कंप्रता सु. ९९० हर्ट्‌झ येते. धारकता दुप्पट केली की कंप्रता निम्मी होते, म्हणजे स्वर एक सप्तक खाली येतो.

येथे एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. धारित्रावरील दाबाचा तरंग आणि मंडलाच्या प्रदानाचा (बाहेर मिळणारा) तरंग हे एकाच कंप्रतेचे असले तरी कानाला निरनिराळे वाटतात. धारित्रावरील तरंग चढउतारांचा, किंचित फुगीर बाजू असलेल्या त्रिकोणासारखा असतो. त्यातील वरच्या पटींची कंपने लवकर क्षीण होतात आणि आवाज काहीसा मृदू, बासरीकडे झुकणारा असतो. प्रदान मात्र एकदम चालू व एकदम बंद होणारा चौरस तरंग असतो. आदर्श चौरस तरंगात मूळ कंप्रतेबरोबर तिची तिप्पट, पाचपट, सातपट अशी विषम पटींतील कंपने अनुक्रमे एकतृतीयांश, एकपंचमांश, एकसप्तमांश या प्रमाणात असतात. त्यामुळे आवाज पोकळ पण भेदक होतो. भारण व विसर्जन यांचे काळ असमान केले की सम पटींतील कंपनेही शिरतात व स्वराचा रंग आणखी पालटतो. गजरासाठी सामान्यतः प्रदानाचा तरंग वापरतात, धारित्रावरचा नव्हे. अनेक कंप्रता असलेला ध्वनी गोंगाटातून निसटून कानापर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक असते व तो कोणत्या दिशेने येतो हेही लवकर कळते. एकाच शुद्ध स्वराची दिशा ओळखणे अवघड असते, हे बंद दालनात भ्रमणध्वनी शोधणाऱ्या कोणासही माहीत आहे.

भोंग्याचा चढउतार : इलेक्ट्रॉनीय भोंग्याचा विलापासारखा स्वर ही वस्तुतः एका यांत्रिक ध्वनीची नक्कल आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल कान्यार द ला तूर यांनी १८१९ मध्ये छिद्रे पाडलेली चकती फिरवून तिच्यातून हवेचा झोत खंडित करणारे उपकरण तयार केले व त्यास सायरन हे नाव दिले. छिद्रांची संख्या व दर सेकंदाचे फेरे यांचा गुणाकार म्हणजे त्याची कंप्रता. १२ छिद्रांची चकती सेकंदाला ५० फेरे घेत असेल, तर ६०० हर्ट्‌झचा स्वर निघतो. दुसऱ्या महायुद्धात शहरोशहरी बसविलेले विद्युत् चलित्रावरचे भोंगे याच तत्त्वावर चालत. चलित्र सुरू केल्यावर जड चक्राला गती घेण्यास वेळ लागे, म्हणून स्वर खालून वर चढे. प्रवाह तोडला की चक्र जडत्वाने फिरत राही व स्वर हळूहळू खाली येई. प्रवाह आळीपाळीने जोडून व तोडून हवाई हल्ल्याचा खालीवर होणारा इशारा देत आणि प्रवाह अखंड ठेवून धोका टळल्याची सूचना देत. भारतातही १९६५ व १९७१ च्या युद्धांच्या वेळी मुंबईसह अनेक शहरांनी हे दोन्ही सूर ऐकले आहेत आणि ७ मे २०२५ रोजी देशभर झालेल्या नागरी संरक्षणाच्या सरावात तेच पुन्हा वाजविले गेले. शब्दावाचून दिलेल्या या दोन आज्ञांतील फरक केवळ वक्राचा आहे. चढउतार असेल तर आसरा घ्यावा, सपाट असेल तर बाहेर यावे. म्हणून वक्र बिघडला तर अर्थच बदलतो.

जड चक्राला जे जडत्व, तेच मंडलात धारित्राचे काम. चक्राची गती प्रारंभी झपाट्याने वाढून नंतर अंतिम मूल्याकडे रेंगाळत जाते. धारित्राचा दाबही तसाच जातो. दोन ट्रँझिस्टरांच्या, कळ दाबून वाजविण्याच्या भोंग्यात हे साम्य उघड दिसते. कळ दाबली की सु. ५० ते १०० मायक्रोफॅरडचे मोठे धारित्र रोधकातून भरू लागते. त्याचा दाब जितका जास्त, तितका आंदोलकाच्या छोट्या धारित्राला मिळणारा प्रवाह अधिक व कंप्रता वरची. कळ सोडल्यावर मोठे धारित्र रिकामे होत जाते व भोंगा उतरत उतरत शांत होतो. कळ म्हणजे चलित्राचे बटण आणि धारित्र म्हणजे फिरते चक्र, असे म्हणावयास हरकत नाही.

आपोआप चालणाऱ्या भोंग्यात दोन ५५५ मंडले वापरतात. पहिले मंद, दुसरे जलद. पहिल्यात १ व २२ किलोओहमचे रोधक आणि १०० मायक्रोफॅरडचे धारित्र असल्यास त्याचे भारण सु. १·६ सेकंदांत व विसर्जन सु. १·५ सेकंदांत होऊन एक आवर्तन सु. ३·१ सेकंदांचे होते. त्याच्या धारित्रावरील दाब, मध्ये अनुसारक विवर्धक घालून (नाहीतर दुसरे मंडलच या धारित्रातील भार ओढून घेईल), वर वर्णिलेल्या ९९० हर्ट्‌झच्या मंडलाच्या नियंत्रक पायाला देतात. हा दाब दुसऱ्या मंडलाची वरची मर्यादा ठरवितो व खालची मर्यादा नेहमी तिच्या निम्मी असते. ९ व्होल्टच्या पुरवठ्यावर मंद धारित्राचा दाब ३ व ६ व्होल्टच्या दरम्यान हेलकावतो. तो ६ व्होल्ट असताना स्वर ९९० हर्ट्‌झच्या आसपास असतो. ३ व्होल्टला जलद धारित्राला थोडेच अंतर चढावे लागते व स्वर सु. १,५५० हर्ट्‌झवर जातो. म्हणजे नियंत्रक दाब वाढला की स्वर उतरतो, हे प्रथम पाहणाऱ्यास उलटे वाटते. खालच्या स्वरास षड्ज मानले, तर वरचे टोक पंचम ओलांडून कोमल धैवताच्या जवळ पोहोचते.

या दोन टोकांमध्ये स्वर कसा प्रवास करतो हे पाहण्यासारखे आहे. दाब मधोमध, ४·५ व्होल्ट असता कंप्रता सु. १,२७० हर्ट्‌झ येते व तीही दोन टोकांच्या जवळजवळ मध्यावर आहे. म्हणजे दुसरे मंडल दाबाचे रूपांतर स्वरात बऱ्याच प्रामाणिकपणे करते आणि ऐकू येणारा वक्र हा पहिल्या धारित्राचाच असतो. ३ पासून ४·५ व्होल्टपर्यंत चढण्यास भारणकाळाच्या सु. ४१ टक्के व पुढच्या तेवढ्याच चढास सु. ५९ टक्के वेळ लागतो. विसर्जनातही पहिला निम्मा उतार ४१ टक्के वेळातच होतो. म्हणून असा भोंगा प्रत्येक वळणावर झेप घेतो व टोकाशी पोहोचताना रेंगाळतो. रोधकाऐवजी स्थिर प्रवाह देणारा ट्रँझिस्टर लावून धारित्र भरले, तर दाब सरळ रेषेत चढतो आणि स्वरही समान वेगाने सरकतो. परंतु तो आवाज बहुतेकांना निर्जीव, यंत्रासारखा वाटतो. जुन्या भोंग्याशी परिचित असलेला कान घातीय वक्रालाच भोंगा म्हणून ओळखतो.

याच मंडलात केवळ १०० मायक्रोफॅरडच्या जागी १० मायक्रोफॅरडचे धारित्र घातले, तर मिनिटाला सु. १९ ऐवजी १९० हून अधिक आवर्तने होतात. अमेरिकेतील तातडीच्या वाहनांच्या भोंग्यांत पहिल्या प्रकाराला वेल (विलाप) व दुसऱ्याला येल्प (कुत्र्याचे केकाटणे) म्हणतात व त्यांसाठी मिनिटाला अनुक्रमे १० ते ३० आणि १५० ते २५० आवर्तने ही मर्यादा मानतात. मोकळ्या रस्त्यावर पहिला व चौकात शिरताना दुसरा वाजविण्याची तेथील पद्धत आहे. दोहोंतील फरक एका धारित्राचा आहे. मंद धारित्रावरील दाबाऐवजी पहिल्या मंडलाचा चौरस तरंग नियंत्रक पायाला दिला, तर सरकता स्वर नाहीसा होऊन आळीपाळीने वाजणारे दोन स्थिर स्वर मिळतात. जर्मनीतील पोलीस व अग्निशामक वाहनांचा दुहेरी स्वर असाच असून त्यातील दोन स्वरांचे प्रमाण ३ : ४, म्हणजे षड्ज-मध्यमाचे आहे.

आवाजाचा प्रारंभ व शेवट : कंप्रतेप्रमाणेच आवाजाच्या तीव्रतेलाही धारित्र आकार देते. देवळातील घंटेवर टोल मारला असता तिची कंपने ज्या नियमाने विरत जातात, तो धारित्राच्या विसर्जनाचाच नियम आहे. दोन्हींत ठरावीक काळात उरलेल्याचा ठरावीक अंश नाहीसा होतो. यामुळे विवर्धकाचे नियंत्रण एका विसर्जित होणाऱ्या धारित्राकडे सोपविले, की कोरड्या चौरस तरंगातूनही घंटेचा भास होतो. दारावरच्या इलेक्ट्रॉनीय घंटांत ही युक्ती सर्रास वापरलेली आढळते.

धोक्याच्या गजरात मात्र शेवटापेक्षा प्रारंभ महत्त्वाचा ठरतो. पूर्ण तीव्रतेने एकदम सुरू होणारा आवाज ऐकणाऱ्याला दचकवितो. दचकलेला मनुष्य काही क्षण विचार करू शकत नाही व त्याचा हात प्रथम गजर बंद करण्याकडे जातो. ध्वनिसंशोधक रॉय पॅटरसन यांनी विमानांतील इशाऱ्यांचा अभ्यास करून १९८२ मध्ये ब्रिटनच्या नागरी विमानवाहतूक प्राधिकरणासाठी मार्गदर्शक सूत्रे लिहिली. तत्कालीन गजर प्रमाणाबाहेर मोठे असून संकटाच्या वेळी वैमानिकांचे परस्परांशी बोलणेही ते अशक्य करतात, असे त्यांत दाखविले होते. ध्वनिस्पंद सु. १०० ते १५० मिलिसेकंदांचे असावेत व त्यांचे चढणे-उतरणे २० ते ३० मिलिसेकंदांत, गोलाई ठेवून व्हावे, ही त्यांची शिफारस होती. हे मंडलात आणणे अवघड नाही. १० किलोओहम व १ मायक्रोफॅरड यांचा कालांक १० मिलिसेकंद होतो आणि दाब १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत चढण्यास कालांकाच्या २·२ पट, म्हणजे २२ मिलिसेकंद लागतात. काही पैशांच्या या दोन घटकांचा अभाव मोठ्या खर्चाच्या उपकरणातही जाणवू शकतो.

झोपलेल्या माणसास जागे करणे : धूमसूचकांत दाबविद्युत् स्फटिकद्रव्याची पातळ चकती ध्वनिक्षेपक म्हणून वापरतात. ही चकती स्वतःही एक धारित्रच असते. तिच्यावर भार चढला व उतरला की ती वाकते व सरळ होते. तिच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळवून घेतल्यास थोड्या शक्तीत फार मोठा आवाज मिळतो, म्हणून बहुसंख्य धूमसूचक ३,००० हर्ट्‌झच्या आसपास वाजतात. सोयीपोटी केलेल्या या निवडीतील दोष पुढे उघड झाला. उतारवयात श्रवणशक्तीचा ऱ्हास प्रथम वरच्या कंप्रतांत होतो, म्हणजे आगीत सर्वाधिक धोका असणाऱ्यांनाच हा गजर कमी ऐकू येतो. गाढ झोपलेली मुलेही त्याने सहज जागी होत नाहीत. ऑस्ट्रेलियात डॉरथी ब्रुक व इअन टॉमस यांनी केलेल्या प्रयोगांत ५२० हर्ट्‌झचा चौरस तरंग याहून पुष्कळ कमी तीव्रतेस लोकांना जागे करतो असे आढळले. ५२० बरोबर १,५६० व २,६०० हर्ट्‌झची कंपनेही त्यात असल्याने एका कंप्रतेस बधिर असलेल्या कानाला दुसरी पोहोचते. अमेरिकेच्या अग्निसूचना संहितेने २०१४ पासून इमारतीच्या अग्निसूचना यंत्रणेस जोडलेल्या, निजण्याच्या जागेतील ध्वनिसूचकांसाठी हा खालचा स्वर आवश्यक ठरविला.

जागा सोडून बाहेर पडण्याचा संकेत कसा असावा याविषयीचे आंतरराष्ट्रीय मानक १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. त्यात अर्धा सेकंद आवाज व अर्धा सेकंद शांतता असे तीन ठोके व त्यानंतर दीड सेकंदाचा विराम आहे. स्वर कोणताही असो, हा ताल ओळखून माणसाने बाहेर पडावे अशी कल्पना आहे. ताल राखणारे धारित्र मंद वा जलद झाले, तर त्या ओळखीला बाध येतो.

धारित्राचे वार्धक्य : गजर वर्षानुवर्षे मूक राहून एका रात्री वाजावयाचा असतो, म्हणून त्यातील घटकांचे वय वाढणे ही किरकोळ बाब नव्हे. मंद कालमानासाठी लागणारी मोठी धारकता सामान्यतः विद्युत् विच्छेद्य प्रकारच्या धारित्रांतून मिळवितात. त्यांतील निरोधक थर ॲल्युमिनियमाच्या ऑक्साइडाचा असून तो ओलसर रसायनाच्या सान्निध्यात टिकतो. त्यांचे प्रत्यक्ष मूल्य छापील मूल्याहून २० टक्क्यांनी कमीअधिक असणे नेहमीचेच आहे. रसायन सुकत गेले की धारकता घटते व भोंग्याचा विलाप हळूहळू केकाटण्याकडे सरकतो. तापमान १०° से. ने वाढले की त्यांचे आयुष्य साधारणतः निम्मे होते, असा ठोकळ नियम आहे. पत्र्याच्या छपराखालच्या पेटीत बसविलेल्या गजराच्या बाबतीत तो विसरून चालत नाही.

यापेक्षा गंभीर दोष भारगळतीचा होय. चोरसूचक यंत्रणेत घरधन्याला बाहेर पडता यावे म्हणून १ मेगओहम व ३३ मायक्रोफॅरड यांनी सु. ३६ सेकंदांचा विलंब ठेवला आहे असे समजू. येथे धारित्र ९ व्होल्टच्या पुरवठ्यावर ६ व्होल्टपर्यंत भरल्यावर यंत्रणा सज्ज होते. परंतु ६ व्होल्टजवळ रोधकावर केवळ ३ व्होल्ट उरतात व त्यातून ३ मायक्रोॲम्पिअर एवढाच प्रवाह येतो. जुन्या धारित्रातून तेवढाच प्रवाह गळत असेल, तर भरणे व गळणे यांचा समतोल साधून दाब मर्यादेच्या अलीकडेच थबकतो. यंत्रणा कधीच सज्ज होत नाही, दर्शक दिवा मात्र लागलेला असतो व कोणाला संशय येत नाही. यास्तव दीर्घ विलंबासाठी फार मोठा रोध न घेणे, कमी गळतीची टँटॅलम किंवा पॉलिएस्टर पटलाची धारित्रे वापरणे आणि ठरावीक काळाने गजर प्रत्यक्ष वाजवून पाहणे हे उपाय योजतात. धारित्र वर्षानुवर्षे विनावापर राहिले, तर ऑक्साइडाचा थर क्षीण होऊन गळती वाढते. अशा वेळी ते काही काळ दाबाखाली ठेवल्यास थर अंशतः पुन्हा तयार होतो.

स्वरनिर्मितीच्या लहान धारित्रांत प्रश्न वेगळा असतो. स्वस्त मृत्तिका धारित्रांची धारकता तापमानानुसार व त्यांच्यावरील दाबानुसारही बदलते, त्यामुळे थंडीच्या पहाटे व भर दुपारी एकच गजर निरनिराळ्या स्वरांत वाजू शकतो. ज्या चकतीची नैसर्गिक कंप्रता ठरलेली आहे, तिला असा सरकणारा आंदोलक जोडल्यास स्वर थोडा ढळताच आवाज एकदम क्षीण होतो. यासाठी अनेक उपकरणांत चकतीवरच एक लहान तिसरा विद्युत् अग्र ठेवून तिच्या कंपनांतूनच आंदोलकाची लय ठरवितात.

सूक्ष्मनियंत्रक (एकाच चकतीवरील लहान संगणक) स्वस्त झाल्यापासून नव्या गजरांतील कालमान बहुधा क्वॉर्ट्‌झ स्फटिकाच्या वा अन्य आंदोलकाच्या ठोक्यांची मोजदाद करून मिळते. स्वराचा चढउतार स्मृतीत साठविलेल्या अंकांच्या कोष्टकातून येतो. त्यामुळे वार्धक्याने लय बिघडण्याचा धोका बराच कमी झाला असला, तरी कोष्टकातील अंक पुष्कळदा घातीय वक्रावरूनच काढलेले असतात, कारण लोकांना ओळखीचा भोंगा तोच असतो. अंकांपासून मिळालेल्या तुटक स्पंदांचा सलग तरंग करण्यासाठी प्रदानाशी रोधक व धारित्र यांची जोडी लावतात आणि वीज गेल्यावर काही क्षण तरी गजर जिवंत राहावा म्हणून पुरवठ्याशी मोठे धारित्र ठेवतात.